आवक-जावक

बांध फुटला अवसेच्या भरतीला, रात्री दोनच्या सुमारास.
मी पंचायतीचा कारकून.
मला आधी आठवली कपाटातली फाईल,
माणूस मागाहून.
हे लिहून ठेवतो, कारण पुढे दुसऱ्यांबद्दल लिहायचंय.

मानशीची दारं कुजली होती.
फळीला बोट लावलं तर बोटाला भुसा.
फिलोमेनाबाईंनी मार्चमध्येच अर्ज दिला,
आवक क्रमांक दोनशे बारा.
शिक्का मी मारला.
सरपंच म्हणाले, "पावसाआधी बघू."

मानशीच्या पावणीत बोली लागली होती
त्यांच्याच धाकट्या भावाची, शाबलोची.
दारं उघडी राहिली की सुंगटं जास्त लागतात,
हे बेटावरच्या पोरालाही ठाऊक.
आणि त्या रात्री दारं लावायला धावला
तोही शाबलोच.
टॉर्च सापडली. एक चप्पल सापडली.

सकाळी सगळं खाजन खारं.
कोरगुटाची रोपं पाण्याखाली केसांसारखी हलत होती
आणि त्यांच्यातून पोरं टोपल्या घेऊन
काळुंद्रं, शेवटे धरत होती.
कुणी त्यांना रागावलं नाही.
रात्री आमच्याही घरी हुमण होतं.

फेरीवर त्या आठवड्यात दोनच वाक्यं:
"बिचारा घनःश्याम. पाठचा भाऊ गेला."
"बिचारा कसला! बांधाचे नऊ लाख कुठे गेले?"
पुष्कळदा दोन्ही एकाच तोंडची,
एक चढताना, एक उतरताना.
कायतान पोदेराने सरपंचांच्या पायरीवर उंडे ठेवले,
पैसे घेतले नाहीत,
आणि पुढच्या दारात सायकलवरूनच म्हणाला,
"देव वसूल करतो हो, व्याजासकट."
देवळात गाऱ्हाणं झालं.
व्हय महाराजा, व्हय महाराजा,
आणि सगळे थांबल्यावर मागून एक आवाज:
"हिशेबही दाखव, महाराजा."
हसू कुणाला आलं नाही. मान मात्र दोघा-तिघांची हलली.

मंत्री आले. बांधापर्यंत गेले नाहीत, बूट नवे होते.
सरपंचांच्या खांद्यावर हात ठेवला,
फोटो निघाला,
हात निघाला.

नवव्या दिवशी माझ्या टेबलावर दोन कागद आले:
एक शोकप्रस्ताव, एक अविश्वास.
सातातल्या पाच पंचांच्या सह्या दोन्हींवर,
एकाच निळ्या पेनाने.
मिंगेलची सही दोन्हीकडे सारखीच थरथरलेली.
मी विचारलं, आधी क्रमांक कुणाला देऊ?
मिंगेल पंख्याकडे बघत म्हणाला,
"शिकलेला तू ना?"

सरपंच आले तेव्हा बाहेर चाळीसेक माणसं.
वाट सगळ्यांनी दिली.
कुणी हात जोडले,
कुणी जोडायला उचलले आणि केस सारखे केले.

अविश्वासाची नोटीस त्यांनी वाचली, पोच दिली.
सही नेहमीचीच, खाली रेघ ओढून.
मग शोकप्रस्ताव मागितला.
'कैलासवासी' या शब्दावर बोट ठेवलं.
"सापडला?"
नाही, म्हटलं.
"मग हे खोड."
खोडलं.
"आणि तो बाईंचा अर्ज काढ."
त्यांनी तो उभ्यानेच वाचला, दोनदा.
शिक्क्यावरची तारीख पाहिली,
मग मला.
बोलले काहीच नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं,
बाहेरच्यांना सांगायला मला काहीतरी मिळालं असतं.

अग्निशमन दलाची बोट अजून रायबंदरच्या अंगाला फिरते आहे.
कडेला माणसं उभी असतात, छत्र्या घेऊन.
बोट वळली की गप्प होतात,
लांब गेली की पुन्हा नऊ लाख.

रजिस्टरात मी एक ओळ कोरी सोडली आहे.
नियमात बसत नाही.